ढोलीतला धबधबा

फार मागे, जेव्हा रानातली पाखरं आपलं सुखदुःख बोलून दाखवत, तेव्हाची ही गोष्ट. धनेश पक्ष्यांची रीतच अशी, की अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने दार लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी उरते. तिथून नवरा तिला उंबरं भरवतो.

अशाच एका ढोलीत बसलेल्या सावरीला रानातल्या धबधब्याची स्वप्नं पडू लागली.

"मला एकदा बघायचाच आहे हो तो. फोडते हे दार," ती म्हणाली.

"अगं, मग अंड्यांना साप सोडेल का? मीच घेऊन येतो धबधबा."

धनेशाने चोचीतून घोटभर पाणी आणलं. सावरी रुसली. "हे तर नुसतं पाणी!"

मग तो धारेखाली चिंब भिजून आला आणि फटीपुढे जोरजोरात पंख झाडू लागला. अंधारात गार तुषार उडाले, ढोली घुमली. सावरीने डोळे मिटले.

"आला हो," ती हळूच म्हणाली.

मग रोजच तो भिजून येऊ लागला.

पिल्लं मोठी झाली, दार फुटलं. सावरी त्यांना घेऊन धबधब्यावर गेली. धनेश अजून मागेच होता. झाडांआडून घनघोर आवाज आला, अंगावर तुषार उडाले.

"बाबा आले!" म्हणत पिल्लांनी चोची उघडल्या.