चालणारी पेंढी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, कारण शाळा लवकर सुटली. छोट्या दोस्तांनो, तेवढं सांभाळून घ्या. गोष्ट मात्र मनापासून सांगतो.

फार वर्षांपूर्वी इंग्लंडात, हिरव्यागार टेकडीच्या कुशीत मॅलोफोर्ड नावाचं एक खेडं होतं. गवतानं शाकारलेली घरं, मधोमध दगडी चर्च आणि चर्चच्या मनोऱ्यात एक घंटा. गावाच्या टोकाला, सगळ्यांत बुटक्या घरात चिमुकली टॅमसिन आणि तिची आई राहत. टॅमसिनचा झगा सगळा ठिगळांचा, पण ठिगळं कशी? लाल, निळी, शेवंतीसारखी पिवळी! त्या उन्हाळ्यात आईचा पाय मोडला. म्हणून सरवा वेचायला टॅमसिन एकटीच निघाली.

गहू कापून नेल्यावर शेतात ओंब्या गळून राहतात, तो सरवा. तो गावच्या गरिबांचा हक्क. त्याच्यावरच त्यांचा हिवाळाभराचा पाव. पण एक रीत होती. मालक शेवटची पेंढी शेताच्या मध्यावर उभी ठेवी. ती उभी आहे तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. पेंढी खळ्यात गेली की घंटा वाजे आणि बायकामुलं धावत आत शिरत. मालकाशिवाय दुसऱ्या कुणी तिला हात लावला, तर त्या वर्षी सरवाच नाही.

त्या सकाळी सगळे फाटकापाशी जमले होते. मालक ग्रोबी आला, पोटावर हात बांधून म्हणाला, "पेंढी इथंच राहणार. दुपारी मी सरवा खायला शेतात डुकरं सोडतोय."

सगळे थिजलेच! कुणाच्या हातातली टोपली गळून पडली.

"असं या गावात कधी झालं नाही," म्हातारी विजनआजी म्हणाली. "अरे ग्रोबी, तुला मी पाळण्यात बघितलंय रे!"

"आता झालं ना? पेंढी माझी, मर्जी माझी."

"एवढा जीव जडलाय, तर लग्नच लाव तिच्याशी!"

बायका हसल्या, पण डोळे सगळ्यांचे भरले होते. टॅमसिनला रडू आवरेना. ती काटेरी कुंपणाआड जाऊन बसली. तिथं पिकल्या काळ्या बोरांच्या घोसात काहीतरी लुकलुकत होतं. पाहते तर काय, एक इवलीशी परी! तिचा पंख काट्यात अडकला होता. पंखावर दवाचे रंग होते, मोरपंखी, गुलाबी, चंदेरी.

"हलू नका हं, परीताई, पंख फाटेल," टॅमसिन हळूच म्हणाली. काटे बोटांत रुतले, तरी तिनं पंख अलगद सोडवला.

"गुणाची गं माझी!" परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण अन्न मागायचं नाही, सोनं मागायचं नाही. कुणाचं वाईट व्हायचं नाही. आणि जी मागेल, तिनं सूर्य टेकडीआड जाईपर्यंत शेतात पाऊल टाकायचं नाही."

टॅमसिननं पटकन विचारलं, "तोवर सगळा सरवा संपेल. मग माझी आई काय खाईल?"

"अटी मी नाही केल्या, सोनुले," परी उदास होऊन म्हणाली.

टॅमसिननं फाटकाकडे पाहिलं. विजनआजी रिकामी टोपली पोटाशी धरून बसली होती. दुपार होत आली होती, डुकरांचा आवाज जवळ येऊ लागला होता.

टॅमसिननं डोळे पुसले. "परीताई, त्या पेंढीला घरी जावंसं वाटू दे."

आणि बाई गं! पेंढी हलली. सोनेरी झगा सावरल्यासारखी वळली आणि खुडखुड, खुडखुड चालायलाच लागली! बायका किंचाळल्या. डुकरं माघारी पळाली. ग्रोबीचा आ वासलेला तसाच.

"थांब! ए, थांब म्हणतो!"

पेंढीनं त्याच्यासमोर लवून नमस्कार केला आणि ती थेट खळ्यात जाऊन उभी राहिली.

"आम्ही कुणी हात लावला नाही हं!" विजनआजी ओरडली. "अरे, घंटा वाजवा कुणीतरी!"

ठण ठण ठण! सगळे शेतात धावले.

"ये ना गं टॅमसिन!" बायकांनी हाका मारल्या. ती नुसती मान हलवत कुंपणाबाहेर बसून राहिली. दिवस सरला. टोपल्या भरून सगळे घरी गेले. सूर्य टेकडीआड गेला, तेव्हा ती आत शिरली. एकही ओंबी उरली नव्हती. नुसती धसकटं.

"आई गं," ती पुटपुटली.

तेवढ्यात फाटकावर परी उभी राहिली. आधी गुलाबी, मग केशरी, मग डोळे दिपतील अशी सोनेरी! तो उजेड शेतभर सांडला. ज्या धसकटावर तो पडला, त्याला टपोरी ओंबी आली. टॅमसिनला आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना.

"हे मागितलेलं नाही, बाळ," परी म्हणाली. "हे माझ्याकडून." आणि ती त्या उजेडातच विरून गेली.

टॅमसिन ओंजळी भरभरून वेचत राहिली. काठी टेकत टेकत आई शोधायला आली, ती फाटकातच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरी रोज पाव भाजला गेला.

आणि ग्रोबी? दुसऱ्या सकाळी, सूर्य वर यायच्या आत, तो आपल्या जवाच्या शेतात गेला. तिथली शेवटची पेंढी त्यानं स्वतः खांद्यावर घेतली, खळ्यात नेऊन ठेवली, ती परत चालायला लागतेय का ते वाकून बघितलं, आणि मग धावत जाऊन स्वतःच्या हातानं घंटा वाजवली.