कोंडाईनं हत्यारं खाली ठेवली

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. माझ्या आज्यालाही नीट ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो सांगायला राहिला नाही. डोंगराच्या कुशीत कारवदरा नावाचं गाव होतं आणि त्या गावात कोंडाई नावाची बाई होती. तिच्याकडे चाकू होते. एक नव्हे, दोन नव्हे, भिंतभर.

पुरुषमाणसं कमरेला आकडी बांधतात, बघितलंय ना? पाठीमागे लाकडाची आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता. बायका बांधत नाहीत. कोंडाई बांधायची. तिच्या आकडीत वीतभर पात्याचा शिकारीचा सुरा असायचा, आणि लुगड्याच्या कनवटीला एक मिटता चाकू, बोटाएवढा. लोक हसायचे. हसणाऱ्यांत सगळ्यांत पुढे कोण, तर तिचाच दीर. मग एकदा रानडुकरानं त्या दिराला झाडावर चढवलं आणि स्वतः खाली ठाण मांडून बसलं. कोंडाई गेली, सुरा काढला, डुकरानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि वाट बदलली. असं म्हणतात. दीर खाली उतरला, पण त्याचं हसू काही परत आलं नाही.

चाकू जमवायचा तिला नाद होता. नाद कसला, वेडच म्हणा. कुणाचा सुरा मोडला, कुणाची मूठ निघाली, कुणा म्हाताऱ्या शिकाऱ्याचा हात थरथरायला लागला, की ही मधाचं मडकं घेऊन त्याच्या दारात हजर. मध द्यायची, चाकू घ्यायची. पातं जिभेला लावून लोखंड ओळखायची. मग शिंगाची नवी मूठ बसवून, धार लावून, घराच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवायची. एकेकाला नाव होतं. कापताना आवाज न करणारी एक सुरी होती, ती मुकी. दोन्हीकडून धार होती ती सासू. टोक मोडलेला चाकू तो लंगडा. पहाटे ती दगडावर पाती घासायला बसली की तो आवाज तीन डोंगर ऐकायचे आणि बिबट्या गोठ्याकडे फिरकायचा नाही, असं म्हणतात.

गावात कुणाला चाकू लागला तर ती नाही म्हणायची नाही. फक्त हातात द्यायची नाही. चाकू हातातून हातात दिला की त्या दोघांत भांडण लागतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. देणाऱ्यानं भुईवर ठेवायचा, घेणाऱ्यानं वाकून उचलायचा. कारवदऱ्यात त्याच्याही पुढची एक रीत होती. चाकू उचलला की त्याचं कामही उचललं. नाळ कापायची सुरी घेतलीस ना, मग नाळ कापूनच परत ये.

आता त्या रानाचा मालक होता एक सरंजामदार. लोक त्याला सरकार म्हणायचे. चाकूंचा शौक त्यालाही होता. वाड्यावर शंभर कट्यारी, कुणाची मूठ चांदीची तर कुणाची हस्तिदंती, पण कांदा चिरायलासुद्धा त्यातली एक कधी खाली उतरली नव्हती. एका साली तो शिकारीला आला आणि कारवदऱ्याच्या माळावर त्याचे तंबू पडले. त्यात खालच्या कुठल्याशा गावात कुणीतरी त्याच्या शिपायावर सुरा उगारला. सरकारच्या डोक्यात राख गेली. दवंडी पिटली, की तीन दिवसांत सगळ्यांनी आपापली हत्यारं चावडीवर जमा करावीत. चौथ्या दिवशी ज्याच्या घरात हत्यार सापडेल त्याचं घर जाळण्यात येईल.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पातं नसेल तर मध काढायचा कसा, बांबू तोडायचा कसा, कुडाला कारवी आणायची कशी? रानावर पोट असलेली माणसं ती, खाणार काय? कुणी कोयता गवताच्या छपरात खुपसला, कुणी उकिरड्यात पुरला. कोंडाई मात्र सरळ तंबूपाशी गेली. तिथं विसाजीपंत नावाचा कारकून हुकूम लिहीत बसला होता. तिनं त्याला विचारलं, हत्यार म्हणजे कोणतं, मारायचं का कामाचं? विसाजीपंत मोठा हुशार माणूस, त्यानं मान वर करायचीही तसदी घेतली नाही. म्हणाला, हत्यार म्हणजे हत्यार, ज्याला धार आहे ते सगळं.

"बरं," कोंडाई म्हणाली आणि परत आली.

आता आपल्या बोलीत हत्यार कशाला म्हणत नाहीत ते सांगा. सुताराचा वाकस हत्यार, चांभाराची रापी हत्यार, न्हाव्याचा वस्तरा हत्यार. कोंडाई घरोघर फिरली. लपवलेलं बाहेर काढा म्हणाली, हुकूम आहे तो पुरा पाळायचा. सुई तेवढी घरात ठेवा, तिला धार नसते. लोकांना वाटलं, बाई घाबरली. पण तिच्या शब्दाबाहेर कोण जाणार? कोयते आले, कुऱ्हाडी आल्या, बायकांनी विळ्या आणल्या. सरकारच्या मुदपाकखान्यात गावातल्याच बायका राबत होत्या, त्यांनी तिथल्याही विळ्या उचलून आणल्या. त्या दिवसापासून सरकारच्या ताटात अख्खा दुध्या भोपळा यायला लागला. आणि रावजी न्हावी म्हणे सरकारची दाढी करत होता. एक गाल झाला आणि त्याच्या कानावर निरोप आला. "सरकारचाच हुकूम आहे," म्हणाला, आणि धोकटी गुंडाळून चालता झाला. असं म्हणतात. मला ही गोष्ट इतकी आवडते की ती खरी की खोटी ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सरकार चावडीवर आला. पोट रिकामं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर खुंट. बघतो तर चावडीपुढचं सगळं अंगण पात्यांनी लखलखतंय आणि त्याच्या पलीकडे अख्खं गाव उभं. सगळ्यांत पुढे कोंडाईचे चाकू, ओळीनं मांडलेले. घराची भिंत तिनं मोकळी करून आणली होती. भिंत मोकळी करताना ती रडली होती, हे तिच्या सुनेनं नंतर सांगितलं.

सरकार शिपायांना म्हणाला, उचला. शिपाई याच डोंगरातले, रीत त्यांना ठाऊक. एकजण पुढे झाला, विळीकडे बघितलं आणि कोंडाईला विचारलं, ही कुणाची? ती म्हणाली, पारूची, बारा माणसांची भाजी रोज हिच्यावर चिरली जाते, उचल आणि बस चिरायला. शिपाई मागं सरला. मग कुणीच वाकेना.

सरकार घोड्यावरून उतरला. कोंडाईपुढे हात पसरून म्हणाला, "तुझे चाकू माझ्या हातात दे."

"हातात दिला की भांडण लागतं, सरकार," कोंडाई म्हणाली. "मला तुमच्याशी भांडायचं नाही. खाली ठेवलेत, उचला."

सरकारनं चाकू नेले तर चुली विझणार, आणि सरकार चिडला तर घरं पेटणार. सरकारनं इकडंतिकडं बघितलं, आणि देवाशिवाय कुणापुढे न वाकलेला तो माणूस वाकला. त्यानं मुकी उचलली. कोंडाईनं शांतपणे सांगितलं, हिनं नाळ कापतात, सावळ्याच्या सुनेचे दिवस भरलेत, आजपासून तिच्या दारात बसा. त्यानं सासू उचलली. हिनं पोळं कापतात, उद्या कड्याला दोर लावून उतरा. त्यानं लंगडा उचलला. ह्यानं खुरातले खडे काढतात, गावात साठ बैल आहेत. असा एकेक चाकू, एकेक काम. सरकारची ओंजळ भरली, अंग घामानं निथळलं, पगडी घसरून डोळ्यावर आली. गावातलं एक माणूस हसलं नाही, ह्याचं मला आजही कौतुक वाटतं.

शेवटी कोंडाईनं कनवटीचा मिटता चाकू काढला, कपाळाला लावला आणि भुईवर ठेवला. सरकार वाकला. चाकू हलेना. बाकीचे बाजूला ठेवून त्यानं दोन्ही हात लावले, तरी हलेना. काही म्हणतात, भुईनं धरून ठेवला. काही म्हणतात, गावदेवीनं त्यावर अंगठा ठेवला होता. माझं विचाराल तर वाकून वाकून सरकारची कंबर धरली असणार. पण चाकू हलला नाही, ह्यावर सगळ्यांचं एकमत आहे.

"ह्याचं काम काय?" सरकारनं तसंच वाकल्या वाकल्या विचारलं.

"ह्याचं काही काम नाही," कोंडाई म्हणाली. "हा माझा आहे. मला आवडतो."

सरकार हळूहळू उभा राहिला. घरी शंभर कट्यारी, एकीलाही काम नाही, आणि ह्यांचा उपयोग काय असं विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मग त्यानं शेल्यात खोचलेली स्वतःची हस्तिदंती मुठीची कट्यार काढली आणि तिच्या पायाशी भुईवर ठेवली. कोंडाई वाकली, कट्यार उचलून तिनं पातं जिभेला लावलं आणि म्हणाली, लोखंड बरं आहे, धार अगदीच नाही. तेव्हा मात्र सरकार हसला, आणि मग गाव हसलं, असं हसलं की समोरच्या डोंगरावरची वानरं पळाली. विसाजीपंतानं तिथंच नवा हुकूम लिहिला. कारवदऱ्यात बाई असो की बाप्या, ज्याला हवं ते पातं त्यानं बाळगावं, कुणी विचारायचं नाही. डफ वाजले, पोरीबाळींनी फेर धरला, आणि रावजीनं भर चावडीत सरकारचा दुसरा गाल केला.

हत्यारं खाली ठेवली म्हटलं की सगळीकडे त्याचा अर्थ हरले असा घेतात. कारवदऱ्यातली माणसं हा शब्द ऐकून छाती काढतात, आणि परक्याला ते कळत नाही.

कोंडाई गेली, तिची भिंतही गेली. पण कारवदऱ्यात आजही लग्न होऊन नवी सून आली की सासू उंबऱ्यात एक मिटता चाकू ठेवते. सून वाकून तो उचलते आणि कनवटीला लावते, हल्लीच्या मुली पर्समध्ये टाकतात. ह्याचं काम काय, असं कुणी विचारत नाही. लग्नाला आलेला एखादा परगावचा पाहुणा विचारतोच. तेव्हा सुनेला तोंड उघडावं लागत नाही. सासू, सासरा, दीर, नवरा, सगळं घर एका आवाजात सांगतं, "तिचा आहे."