पोपटी टब

“मग काय, गप्प बसायचं होतं मी? माझ्याच घरात?”

राजशेखरचा आवाज मठाच्या दगडी भिंतीवर आदळला. डोंगर चढून त्याला धाप लागली होती, तरी तो बसायला तयार नव्हता.

अक्का सुपात जोंधळा पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“काय झालं ते सांग. चूक कुणाची ते आपण मग बघू.”

राजशेखर बिराजदारचं सोलापुरात दुकान होतं. कडुलिंबाच्या लाकडाचे कंगवे, बांबूचे ब्रश, काथ्याच्या घासण्या, करवंटीच्या वाट्या, कापडी पिशव्या. लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला द्यायच्या भेटपरड्या तो तयार करून द्यायचा. दुकानात प्लास्टिकचा एक कपटाही नसे. दारावर त्यानं एक वाक्य रंगवून घेतलं होतं: ‘जे मातीला पचत नाही, ते घरात आणू नये.’

वाक्य अक्कांचं होतं. कॉलेजात असताना तो पहिल्यांदा मठात आला, तेव्हा त्या कुणाशी तरी बोलता बोलता ते म्हणाल्या होत्या. त्यानं ते उचललं आणि त्यावर आपलं आयुष्य उभं केलं. तेव्हापासून तो स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेई.

“माझ्या मुलीचं बारसं होतं,” तो म्हणाला. “सगळ्यांना आधीच बजावलं होतं, प्लास्टिकची भेट आणू नका. पाळण्याला सुती दोर, फुलांचं तोरण, जेवायला पत्रावळी. एक फुगा लावू दिला नाही मी. आणि ऐन नाव ठेवायच्या वेळेला शेजारची काशव्वा आली. हातात हा एवढा टब! प्लास्टिकचा. पोपटी. त्यावर बदकं!”

“मग?”

“मग काय… लोक हसले. माझं एक गिऱ्हाईक तर म्हणालं, ‘काय राजशेखर, आजपासून हेही ठेवणार का दुकानात?’ डोकंच फिरलं माझं. मी तो टब घेतला आणि दारातून रस्त्यावर भिरकावला.”

सूप थांबलं.

“तिच्यासमोर?”

“सगळ्यांसमोर. कळायला नको लोकांना? एकदा कुणीतरी कडक व्हायलाच हवं! तर आता घरात सगळे माझ्यावरच उलटलेत. शैलजा बोलत नाही. आई माझ्या पंगतीला बसत नाही. खरं बोललो म्हणून मी वाईट.”

“टब कुणी उचलला?”

“अं?”

“रस्त्यावरून. टब कुणी उचलला?”

“तिनंच. उचलला आणि गेली घरी.” त्यानं हात झटकला. “अक्का, मुद्दा टबाचा नाहीये. मुद्दा…”

“पाणी पी,” अक्का म्हणाल्या.

त्या उठल्या, पिंपातल्या पाण्यानं पेला भरून त्याच्यापुढे धरला. पेला प्लास्टिकचा होता, निळा, कडेला झिजून पांढरा पडलेला. राजशेखरची तांब्याची बाटली चढावरच रिकामी झाली होती. त्याचे ओठ सुकले होते. तरी त्याचा हात पुढे आला नाही.

“अक्का… तुम्हीसुद्धा?”

अक्कांनी थोडा वेळ पेला तसाच धरला. मग त्याच्या पायांपुढे पाणी जमिनीवर ओतून टाकलं.

“तहान नव्हती म्हणायची तुला.”

राजशेखरचा चेहरा तांबडा झाला. पण गुरूंवर काय चिडायचं. त्यानं खांद्यावरची पिशवी उतरवली आणि आतून बांबूची परडी काढली. हातछपाईच्या कापडात बांधलेली, वर सुताची गाठ.

“तुमच्यासाठी आणलंय,” तो म्हणाला. “आज भांडायला आलो नव्हतो मी.”

अक्कांनी गाठ सोडली. आत शिकेकाई होती, घासणी होती, मातीची पणती होती. मधोमध करवंटीची एक वाटी होती. काळीभोर, आरशासारखी चकचकीत. कडेला बेलपानांची नक्षी.

“ही वाटी विकायची नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी कोरलीय. कारागिरानं नाही, मी स्वतः. घासून घासून बोटं सोलली. शैलजा बाळंतपणाला माहेरी होती ना, तेव्हा रोज थोडी थोडी…”

“छान आहे.”

“आणि उद्या तडकली तरी खंत नाही. कुठंही टाका, मातीत जाईल. मागं काही उरणार नाही. हेच तर मी लोकांना सांगतो.”

“कुठंही?”

“कुठंही.”

अक्का परडी घेऊन उठल्या. मठाच्या मागं शेणाचा उकिरडा होता, पुरुषभर खोल. त्या काठावर गेल्या आणि त्यांनी ती परडी, जशी होती तशी, आत फेकून दिली.

“अक्का!”

असा आवाज त्यानं त्यांच्यापुढे कधी काढला नव्हता. तो धावत काठाशी आला. वाटी परडीतून निसटून शेणात उपडी पडली होती.

“काय केलंत हे? काय केलंत तुम्ही? माझ्या हातची होती ती!”

“मातीत जाईल.”

“जाईल, पण… पण ती तुमच्यासाठी आणली होती मी!”

“मागं काही उरणार नाही, म्हणालास.”

“तुम्हाला नको होती तर तसं सांगायचं! परत द्यायची! ही काय रीत झाली? कुणी जीव लावून काही आणावं आणि तुम्ही ते…”

तो बोलायचा थांबला.



राजशेखरनं चपला काढल्या आणि खड्ड्यात उतरला. पांढरं खादीचं धोतर गुडघ्यापर्यंत बरबटलं. तो वाकला, दोन्ही हातांनी शेण बाजूला सारलं, वाटी काढली आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागला. नक्षीत शेण बसलं होतं. ते निघेना.

वरून अक्कांचा आवाज आला. त्या आवाजात दया नव्हती.

“काशव्वा अशीच वाकली होती का रे?”

त्याचे हात थांबले.

“सांग ना. किती माणसं होती बारशाला? त्यांच्यातलं कोण गेलं तिच्यासोबत टब उचलायला?”

“कुणी नाही…”

“तू?”

वाटी छातीशी धरून तो म्हणाला, “तिला वाकता येत नव्हतं, अक्का. ती भिंतीला धरून… मी बघत होतो.”

“वाक्य माझं होतं,” अक्का म्हणाल्या. “मी ते सहज बोलले होते. तू त्याची काठी केलीस, आणि पहिली हाणलीस ती म्हातारीच्या हातावर. मला गुरू म्हणू नकोस. तुझ्यासारखा शिष्य असला की गुरूला तोंड लपवावं लागतं. वर ये आणि घरी जा.”

तो घरी गेला. पण आपल्या घरी नाही, शेजारच्या.

काशव्वाचं दार अर्धवट उघडं होतं. ती आत दाराजवळच खुर्चीवर बसली होती. पाऊल आत टाकणार तोच ती म्हणाली, “थितंच थांब.”

तो उंबऱ्याबाहेर थांबला.

“मावशी, चुकलं माझं.”

“काय चुकलं?”

“सगळ्यांसमोर बोललो.”

“बोललास न्हाई. फेकलास.”

“हो. फेकला.” त्यानं मान खाली घातली. “तो टब द्या मला. मी घरी नेतो. सगळ्यांच्या देखत नेतो.”

“टब न्हाई. दिला मी पल्याडच्या इरम्माच्या सुनंला. तिचे दिवस भरत आलेत. तिनं हसून घेतला.”

“मग मी दुसरा आणतो, तसाच. तुमच्या हातानं…”

“ए!” काशव्वा खुर्चीतून ओरडली. तिच्या आवाजानं शेजारच्या ओट्यावरच्या बायका वळून बघू लागल्या. “प्लास्टिकचा आणशील, न्हाईतर सोन्याचा आणशील! मी तो कशापायी आणला, त्ये इचारलंस का तू? एकदा तरी?”

राजशेखरनं विचारलं नव्हतं.

काशव्वानं लुगडं गुडघ्यांच्या वर सारलं. गुडघे सुजून खलबत्त्यासारखे झाले होते.

“ह्या पायांवर तुला न्हाऊ घातलंय. तुझ्या बहिणीला घातलंय. तुझ्या आईला उठवत नव्हतं तवा तुझा बाप मला हाक मारायला यायचा. आता तुझ्या पोरीला घालावं, म्हटलं. पर मला खाली बसवत न्हाई. बसले तर उठवत न्हाई. पाय लांब करून त्या जिवाला घेतलं आन् हातातनं निसटलं तर? म्हणून टब. टेबलावर ठिवला आसता, उभ्यानं घातली आसती आंघोळ. तुझ्या त्या दुकानात हाय का असलं काय? लाकडाचं, बांबूचं?”

“नाही.”

“मग जा. तुझी माफी घिऊन मी काय करू? ती पोरीला आंघोळ घालणार हाय का?”

तिनं काठीच्या टोकानं दार ढकललं. कडी लागल्याचा आवाज झाला.

राजशेखर दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर चढला. अक्कांनी त्याला या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. तो उंबऱ्याशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. स्वतःला त्यानं वाचवलं नाही.

“माफ नाही करत ती,” शेवटी तो म्हणाला. “टबही गेला. आता मी काय करू तेच कळत नाही.”

“पोरीला कोण न्हाऊ घालतं?”

“शैलजा. फार घाबरते. काल साबणामुळं पोर हातातून निसटता निसटता राहिली. आईच्यानं तर होतच नाही.”

“आणि तू?”

“मी?” तो दचकला. “मला कुठं येतं ते… बायकांचं काम…”

अक्कांनी त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. कालचा राग अजून डोळ्यांत होता.

“तुला खाली बसवतं ना?”

एवढंच. त्या उठून आत गेल्या.

त्यापुढची सकाळ सांगायला हवी.

राजशेखर तान्ह्या मुलीला छातीशी धरून काशव्वाच्या दारात उभा राहिला. दार बंद होतं. त्यानं ते वाजवलं.

“मावशी, मी आमच्या न्हाणीत बसतो पाटावर. तुम्ही खुर्चीवर बसा. कसं घालायचं तेवढं सांगा.”

त्यानं पुन्हा दार वाजवलं.

“माझ्यासाठी येऊ नका,” तो म्हणाला. “मुलगी थंडीनं कुडकुडतेय.”

कडी निघाली. काशव्वा बाहेर आली आणि त्याच्याकडे न बघता, भिंत धरत धरत त्याच्या घरात शिरली. राजशेखरच्या आईनं लगबगीनं न्हाणीच्या दाराशी खुर्ची आणून ठेवली.

तो पाटावर बसला. पाय लांब केले, पोटऱ्या जवळ आणल्या. मुलीला पालथं घातलं.

“मान! मान धर, गाढवा!”

त्यानं मान धरली.

“दाबतोस काय? पीठ तिंबतोस व्हय? हलका हात! तुझ्या आईनं तुला असं दाबलं आसतं तर आज जिता नसतास. तेल कुठाय? आधी तेल! एवढा मोठा झालास, एवढंबी कळत न्हाई?”

मुलगी किंचाळत होती. काशव्वा ओरडत होती. राजशेखरच्या कपाळावरून घाम गळत होता. पोटऱ्यांवर तो इवलासा जीव मासळीसारखा सुळसुळत होता आणि तो श्वास रोखून बसला होता. आयुष्यात एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

शैलजा दारात येऊन उभी राहिली. बारशापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं पाण्यात बोटं बुडवली.

“कढत आहे,” ती म्हणाली. “थांबा, गार ओतते.”

मुलगी न्हाली. काशव्वानं तिला आपल्या लुगड्याच्या पदरात घेतलं, टाळूवर तेल थापलं, तिच्याकडे बघून हसली. मग मान वर करून बापाकडे बघितलं आणि तिचं हसू मावळलं.

“उद्या लवकर पाणी तापव,” ती म्हणाली आणि निघून गेली.

थंडी सरली, उन्हं तापली. मुलगी बाळसं धरू लागली. दुकानाच्या दारावरचं वाक्य राजशेखरनं स्वतःच खरवडून काढलं. तिथं नुसता कोरा पट्टा राहिला. दुकान चालूच होतं. पण आता कुणी प्लास्टिकची वस्तू हातात घेऊन आलं, तर तो आधी विचारी, “हे कशासाठी घेतलंत?” आणि उत्तर ऐकेपर्यंत गप्प राही.

एका दुपारी तो मठात गेला. रिकाम्या हातानं गेला. अक्का लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या.

“येते का अजून?” त्यांनी विचारलं.

“रोज येते. एक दिवस चुकवत नाही.” तो त्यांच्या पायांशी बसला. “पण माझ्याशी सरळ एक शब्द बोलत नाही, अक्का. रोज शिव्या. साबण जास्त लावला म्हणून शिव्या, कमी लावला म्हणून शिव्या. आता तर माझा हात बसलाय, काही चुकत नाही, तरी काहीतरी शोधून काढते. काल म्हणाली, ‘तुझ्या हाताला वासच घाण येतो.’ पोरीला माझ्या हातातून ओढून घेते आणि जाताना दार आपटते.”

अक्का ऐकत होत्या.

“मी सहन करतो. करायलाच हवं. पण एक सांगा…”

तो थांबला. लिंबावरून दोन पिवळी पानं खाली आली.

“हा तिचा राग संपायचा कधी?”

अक्कांनी डोळे मिटले. आज त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

“संपल्यावर ती कशाला येईल?”