ट्रॉलीभर लाकडं

"काहून येत नाहीत लोकं, आबाजी? सांगा ना! मी काय कमी केलं?"

दसरू गायता शेकोटीपुढं बसला होता. गावाचा पुजारी तोच, अन् रीतभात सांगणाराही तोच. त्यानं नुसतं वर पाहिलं.

सुकनी पोटावी धपकन खाली बसली. दिवाळीत सरपंच झाली तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. हातपंप दुरुस्त झाला, नर्सबाई यायला लागली, रेशन गावातच मिळायला लागलं. पण ग्रामसभा? दोनदा बोलावली, दोनदा मोडली. माणसंच नाहीत! उद्या तिसरी. तीही मोडली, गावाचा ठराव झाला नाही, तर जंगलातला बांबू पुन्हा ठेकेदाराच्या घशात. त्याच बांबूपायी तिच्या बापानं तुरुंग भोगला होता.

"गोटुलात, गावाच्या बैठकघरात, सतरंज्या घातल्या," ती म्हणाली, "दिवा लावला. पूर्वी सभेच्या शेकोटीला घरटी एक लाकूड आणायला लागायचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे किती हाल! ते बंद केलं. ट्रॉलीभर लाकडं मीच टाकली. आता नुसतं येऊन बसायचं. तरी येत नाहीत मेले!"

"हं..."

"थकले मी, आबाजी. राजीनामा द्यावा वाटतो."

म्हाताऱ्यानं शेजारचा गडवा उचलला अन् सगळं पाणी शेकोटीवर ओतलं.

"अगा माय! वेड लागलं का तुम्हाला? या थंडीत?"

ती लाकडं आणायला उठली.

"बस."

"अहो, पण..."

"बस म्हटलं ना."

ती बसली. पुस महिन्यातली संध्याकाळ, थंडी हाडात शिरत होती. आपण इथं मरमर मरतोय अन् हा म्हातारा थट्टा करतोय, असं वाटून तिला रडूच आलं.

तेवढ्यात शेजारची मैनी कुडावरून डोकावली.

"धूर दिसत नाही गा, आबाजी? जीव बरा आहे ना?"

उत्तराची वाट न बघता ती घरातून जळतं लाकूड घेऊन आली. तिच्यामागं कोलू आला, खांद्यावर ओंडका. मग आणखी दोघं. शेकोटी पेटली. आणि सगळे बसले. आपलं लाकूड जळेपर्यंत कोण उठतंय!

"ठेकेदाराचा माणूस काल बांबूत फिरत होता," कोलू म्हणाला.

"फिरू दे. आपला बांबू आपणच विकू," मागून आलेल्यांतला एक म्हणाला.

"अन् तोडणार कोण? तू?" मैनी खवळली. "तुला खाटेवरून तर उठवत नाही!"

सगळे हसले. मग कडाकडा भांडले. बांबूची कुठली बेटं राखायची, कुठली तोडायची, सगळं निघालं. दोनदा सभा बोलावूनही जे झालं नव्हतं ते इथं आपसूक झालं. सुकनीनं बोलायला तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं तळहात वर केला. तिनं तोंड मिटलं.

लाकडं जळून गेली, तशी माणसं उठून गेली.

सुकनीही उठली. अंग अजून ठणकत होतं.

"गोटुलातली ती ट्रॉलीभर लाकडं सकाळीच हलवते, आबाजी."

म्हाताऱ्यानं एक काडी उचलली.

"अन् सभेला मी काय करू?"

त्यानं काडीनं राख सारखी केली...

"तुझ्या घरचं एक लाकूड आण."