अळणी पेज

"मग हात गेलेल्या माणसानं सेवा करायची तरी कशानं, बाबा?"

सगुणानं विचारलं आणि कोपरापाशी संपलेले दोन्ही हात पदराआड घेतले.

भैरवगिरी बाबा धुनीतली राख सारखी करत होते. मान वर न करता म्हणाले, "तोंडानं."

मठाच्या ओसरीवर आजारी, घरच्यांनी टाकलेली माणसं पडून असत. सगुणानं वर्षानुवर्षं त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घास भरवले. 'बाईच्या हाताला गुण आहे,' असं सारी पंचक्रोशी म्हणायची. तिलाही ते ऐकायला आवडायचं.

मग एकदा ती मठासाठी गुऱ्हाळावर रस आणायला गेली. पदर चरकात अडकला. तो सोडवायला हात गेले, ते गेलेच.

इस्पितळातून परतल्यापासून ती दार लोटून जेवायची, ताटात तोंड घालून. कुणी भरवायला आलं की हाकलून द्यायची.

तोंडानं म्हणजे नामानं, असं तिनं धरलं. दिवसभर नाम घेऊ लागली. घसा बसला. मन काही बसेना.

बाबा एका सकाळी दारात आले.

"हे काय चालवलंयस?"

"तुम्हीच म्हणालात ना, तोंडानं सेवा कर. नाम घेतेय."

"नाम घ्यायला कुठं सांगितलं?"

"मग?"

"तोंड उघडायला सांगितलं."



बाबांच्या मागून पारूबाई आत आली. अर्धं अंग लुळं पडलेली ही म्हातारी. सगुणानंच तिला इतकी वर्षं भरवलेलं. भिंतीला धरून, एक पाय ओढत ती येत होती. पेजेची वाटी बाबांच्या हातात होती.

"ही? हिचा हात कापतो, बाबा! हिला तर मी..."

बाबा वाटी धरून नुसते बसले.

पारूबाईचा पहिला चमचा सगुणाच्या हनुवटीवरच सांडला. पेज गळ्यावरून ओघळली. सगुणानं तोंड फिरवलं.

चमचा तिथंच थांबला. थरथरत.

"घे गं बाई," पारूबाई वाकड्या तोंडानं म्हणाली. "माझ्या वेळी तू फिरवू द्यायचीस का तोंड?"

सगुणानं तोंड उघडलं.

वाटी संपली. पारूबाईच्या कपाळावर घाम डवरला होता. कुणाला हाक न मारता, भिंतीला धरून ती एकटीच ओसरीवर परत गेली.

सगुणाच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. पुसायला हात नव्हते. बाबांनी अंगावरच्या छाटीच्या टोकानं पुसलं, आणि या वेळी तिनं मान मागं घेतली नाही.

"बाबा, ती कधी जागची हलत नव्हती. आज उठली कशी? आणि मी तर काहीच केलं नाही... मग एवढी दमले कशानं? मला काही उमजेना."

"पेज कशी होती?"

"...अळणी."

"मग मला काय सांगतेस? तिला सांग. उद्या तिला पुन्हा यायचंय."