दांडखारची केस मुरवणारी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते दांडखारात विचारायला जाऊ नका. तिथला प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल आणि वर चहा पाजून तोच खरा म्हणून पटवेल. एवढं मात्र सगळे मान्य करतात, की तेव्हा खाडीवर पूल नव्हता, गावात गोड्या पाण्याचं एकच तळं होतं, आणि दांडखारच्या बायकांच्या डोक्यावर धड केस नव्हते.

म्हणजे टक्कल नव्हतं हो. केस होते, पण कसले? दांडखार मिठागरांचं गाव. बायका दिवसभर ओल्या मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायच्या. पाटीतलं खारं पाणी चुंबळीत उतरायचं, चुंबळीतून टाळूवर झिरपायचं, आणि वरून खाजणातलं, खाऱ्या दलदलीतलं ऊन. नवी नवरी कमरेपर्यंतची वेणी घेऊन यायची आणि दुसऱ्या हंगामाला तिच्या पाठीवर उंदराचं शेपूट लोंबायचं. फणी घातली की केस पेंढ्यासारखे कडाकडा तुटायचे. जत्रेत हौसेनं गजरा घेतला, तर तो माळायचा कुठे हा प्रश्न. इतर गावच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग दांडखारच्या बायकांनी आपला पदर पार कपाळापर्यंत ओढायला सुरुवात केली, आणि मर्यादशील म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं. आता बोला!

त्याच गावात चांगूबाय राहायची. बांधाला लागून शेवटचं घर तिचं. नवरा मिठाच्या मचव्यावर कामाला गेला होता, तो मचवा परत आला, नवरा आला नाही. घरात ती आणि तिची सात वर्षांची पोर, पारी. दारात एक जास्वंद होती. आई मिठागरातून येईपर्यंत पारी त्या जास्वंदीखाली भातुकली मांडायची. जास्वंदीची पानं ठेचायची, त्यात भिजलेले चार मेथीदाणे, नारळाचा चव पिळून काढलेला रस. सगळं कालवलं की बुळबुळीत भाजी तयार. ती भाजी खाणार कोण? मग आई आली की पारी तिला खाली बसवायची आणि सगळी भाजी तिच्या डोक्याला थापायची. चांगूबाय दमलेली असायची, पण एका शब्दानं रागवायची नाही. त्या एवढ्याशा बोटांखाली तिला डुलकी लागायची.

एका चैत्रात पारीला ताप भरला. दुपारपर्यंत ती आईच्या डोक्याला भाजी थापत होती, संध्याकाळी अंथरुणाला लागली आणि तिसऱ्या दिवशी गेली. लेकरू जाण्यासारखं दुःख नाही, आणि ते सांगायला शब्दही नाहीत, म्हणून दांडखारचे लोक गोष्टीच्या या जागी नुसते गप्प बसतात.

आपल्याकडे सुतक फिटलं की भावकीतल्या बायका येतात आणि दुखवट्याच्या माणसाच्या डोक्याला तेल लावतात. तेल लागलं की दुखवटा निघाला, माणूस परत माणसांत आलं. तशा त्या दिवशी बायका तेलाची वाटी घेऊन आल्या. पुढे होती कमळाय. गावातली जाणती बाई, लग्नात, बारशात, भांडणात तिचाच शब्द शेवटचा. कमळायनं तेलात बोटं बुडवली आणि हात पुढे केला, तशी चांगूबाय मागे सरकली. तिच्या केसांत अजून पारीनं थापलेली भाजी वाळून बसली होती.

ती म्हणाली, “आज नको गो, कमळाय. माजे डोक्याला आज हात नको लावू.”

कमळायनं हात मागे घेतला. बायका डोळे पुसत उठल्या. बांधावरून परतताना कोणीतरी विचारलं, काय झालं? कमळाय म्हणाली, “चांगू बोलली, माजे डोक्याला हात नको लावू.”

एक शब्द गळला, बघा. दोन अक्षरांचा. कमळायच्या मनात काही वाईट नव्हतं. पण कमळाय बोलली म्हणजे गाव बोललं. चांगूबायनं नेम धरलाय, लेकीमागे डोक्याला कुणाचा हात लागू देणार नाही, असं महिन्याभरात सगळीकडे झालं. बायका तिच्याकडे बघून हात जोडायला लागल्या.

इकडे चांगूबाय दुसऱ्या दिवशी दारात बसून होती. तिसऱ्या दिवशीही होती. कमळाय येईल, वाटी आणेल, आपण आता नाही म्हणायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पंधरवडा गेला. कोणी आलं नाही.

मिठाचा हंगाम चालूच होता, ती परत पाटी वाहायला गेली. तिथे वेणू नावाची एक नवी नवरी बांधाआड रडत बसली होती. हातात तुटलेल्या केसांचा पुंजका. चांगूबायनं तिला उठवलं आणि घरी आणलं. का आणलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. जास्वंदीकडे बघितलं आणि हात आपोआप पानं तोडायला लागले.

पहिल्या वेळेस फजिती झाली. लेप लावला खरा, पण केसांतलं मीठ तसंच आत, त्यामुळे वेणूचं डोकं वाळलेल्या घरट्यासारखं झालं आणि तिची सासू भांडायला आली. चांगूबाय चुकत-माकत शिकली. आधी तळ्याच्या गोड्या पाण्यानं केस धुवायचे. धुतलेलं पाणी जिभेला लावून बघायचं, खारट लागलं की पुन्हा धुवायचे. मग मुळांना कोमट खोबरेल, खाली टोकांपर्यंत जास्वंद, मेथी आणि नारळाच्या दाट रसाचा लेप. वरून विस्तवावर शेकून मऊ केलेलं केळीचं पान, त्यावर गरम पाण्यातून पिळलेलं फडकं, आणि त्या फडक्यावर दोन्ही हात दाबून बसायचं. निवलं की नवं पान, नवं फडकं. असं तीनदा. खाडीच्या काठावर तीन धोंडे होते. भरतीचं पाणी पहिल्या धोंड्याला लागलं की बसायचं आणि तिसरा बुडाला की उठायचं. याला ती केस मुरवणं म्हणायची. नुसतं वरून चोपडलं तर केस दोन दिवस चमकतात, मुरवले तर आतून ओले राहतात, असं तिचं म्हणणं.

वेणूचे केस तिसऱ्या खेपेला असे झाले, की तिच्या नवऱ्यानं आधी दुसरीच बाई घरात शिरली म्हणून आरडाओरडा केला. धुतल्यावर तिच्या केसांतून सूपभर मीठ निघालं, असं म्हणतात. मग काय, रांगच लागली. कुणाच्या केसांतून पाटीभर मीठ निघालं, कुणाची वेणी एवढी चिवट झाली की वाहून चाललेलं होडकं तिनं वेणीला बांधून काठाला ओढलं, असं म्हणतात. दांडखारच्या बायकांनी पदर मागे सारला तो तेव्हापासून. मर्यादशील म्हणून नाव गेलं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

तीन धोंडे बुडेपर्यंत काही करायचं नसतं. डोकं कुणाच्या तरी हातात आहे, ऊब आहे, समोर पाणी चढतंय. अशा वेळी माणूस बोलतं. सासूचं, सवतीचं, पोटी मूल नसल्याचं, सगळं त्या बायका चांगूबायच्या पुढ्यात बसून बोलल्या. रडल्या, हलक्या झाल्या, चमकते केस घेऊन घरी गेल्या. जाताना कोळंबी ठेवून जायच्या, तांदूळ ठेवायच्या, कुणी लुगडंही आणलं. वाकून पाया पडायच्या. तिच्या डोक्याकडे मात्र कुणी बघायचंसुद्धा नाही.

आणि हे असं आहे, की आपलं डोकं आपल्याला मुरवता येत नाही. तिनं करून बघितलं. पान शेकायला उठलं तर फडकं निवतं, फडकं दाबावं तर हात भरून येतात, लेप डोळ्यांत उतरतो. एकदा निम्मा लेप जमिनीवर सांडला आणि ती तिथेच बसून रडली. दिवाळीत घरोघर बायका एकमेकींना तेल लावताना हसायच्या, ते तिला ऐकू यायचं. तिच्या उंबऱ्यावर तेलाची वाटी ठेवून बाया पुढे जायच्या. ते तेल ती पारीच्या नावाच्या पणतीत घालायची.

एकदाच तिनं विषय काढला. कमळायला म्हणाली, “माजेपन केस लय वालले गो.”

कमळायनं चटकन हात जोडले. “आमी समदी जानतो बाय. तुजा नेम आमी मोडनार नाय.”

कुठला नेम? चांगूबायला त्या दिवशी प्रथम कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण त्या नेमापायी गाव तिला मानत होतं. असला काही नेम नव्हता, मी नुसती वाट बघत होते, हे सांगायचं कसं? गावाला वाईट वाटेल, आणि आपली लाज निघेल. ती गप्प राहिली, आणि गप्प राहण्याची एकदा सवय लागली की सुटत नाही. तीस वर्षं गेली.

त्या तीस वर्षांत तिच्या केसांवर मिठाचे थर चढले. आधी पांढरे झाले, मग कडक. ती चालली की पदराआडून बारीक किणकिण यायची, असं म्हणतात. पोरी म्हणायच्या, चांगूबायनं पदराखाली घुंगरू बांधलेत. बांधावर एकटी बसून तिनं पदर सारला की उन्हात तिचं डोकं मिठाच्या राशीसारखं लांबून दिसायचं. तेवढं मानाचं माणूस गावात दुसरं नाही, असं लोक म्हणायचे. लोकांना काय, लांबूनच बघायचं असतं.

मग एका वैशाखात कमळाय आली. आता ती पार वाकलेली, डोळ्यांनी अधू. म्हणाली, “चांगू, आता मी जाईन. जायच्या आदी एकदा केस मुरव. डोक्यावर खराटा घेऊन वर नको जायला.”

चांगूबाय हसली. तिनं कमळायचे केस धुतले, लेप लावला, पान बांधलं आणि हात दाबून बसली. पाणी पहिल्या धोंड्याला लागलं होतं. कमळाय बोलत सुटली. कोण गेलं, कोण आलं, कुणाची सून कशी. पाणी दुसऱ्या धोंड्यावर चढलं तशी ती पारीच्या वेळेपाशी आली.

“तो दिस मना आठवतो. मी वाटी घेऊन आली. तू माज्याकडं बगलंस आनि बोललीस, आज नको गो...”

आणि तिथे ती थांबली.

“चांगू,” ती हळूच म्हणाली, “तू ‘आज’ बोलली होतीस.”

चांगूबायचे हात फडक्यावरून निघाले. तिसरा धोंडा बुडायच्या आत काम अर्धं टाकून तिचे हात निघाले, असं तीस वर्षांत पहिल्यांदा झालं.

“हा,” ती म्हणाली.

“मंग एवरी वरसं?”

“मी वाट बगत होती. तुमी परत इचारलंच नाय.”

कमळाय तशीच उठली. डोक्याला केळीचं पान, मानेवरून लेप ओघळतोय. चाचपत तिनं चांगूबायचा पदर मागे सारला. आत नुसतं मीठ. तिच्या निबर बोटांनाही ते टोचलं. कमळाय दारात जाऊन अशी ओरडली, की मिठागरातल्या बायकांच्या डोक्यावरच्या पाट्या खाली आल्या. भर दुपारी सगळं मिठागर बांधावर धावलं. काय झालंय ते कमळायनं एका दमात सांगितलं. मग वेणू पुढे झाली. तिला आता सुना होत्या. तिनं विस्तव पेटवला आणि पान शेकायला घेतलं.

केस धुवायला तळ्याचं पाणी आणलं. जिभेला लावून बघितलं, खारट. पुन्हा धुतलं, पुन्हा खारट. तळं निम्मं झालं. शेवटी पाणी गोडं लागलं तेव्हा कळलं, की आधीच्या पाण्यात नुसतं मिठागराचं मीठ नव्हतं, आसवांचंही होतं. मग लेप लावला. केसांनी तो पिऊन टाकला. घराघरातलं खोबरेल आलं, तेही प्यायले. एकीचे हात भरून आले की दुसरी बसायची, दुसरीनंतर तिसरी. चांगूबाय डोळे मिटून होती. मध्येच एकदा म्हणाली, “पारीनं थापलेलं कंदीच धुवून गेलं व्हतं गो. मना ठावं व्हतं.” तेवढंच.

त्या दिवशी भरतीचं पाणी तिसऱ्या धोंड्याच्या माथ्यापाशी येऊन थांबलं. गावातल्या शेवटच्या बाईचा हात लागेपर्यंत ते वर चढलं नाही, असं म्हणतात.

पुढे चांगूबाय किती जगली यावर दांडखारात दोन मतं आहेत. काही म्हणतात, तिसरा धोंडा बुडाला तशी तीही गेली, वेणूच्या हातांत डोकं ठेवून. काही म्हणतात, छे, चांगली सात वर्षं जगली आणि दिवाळीत सगळ्यांत आधी तेल तिला लागायचं. मला दुसरं आवडतं. गावात मात्र पहिलंच जास्त सांगतात.

दांडखारात अजून मीठ पिकतं. बायकांच्या डोक्यावर आता पाट्या नाहीत आणि दुकानात हव्या तेवढ्या बाटल्या मिळतात. तरी मिठाचा हंगाम संपला की एका दुपारी सगळ्या जणी बांधावर जमतात आणि एकमेकींचे केस मुरवतात. हात लावण्याआधी विचारायचं असतं, “आज लावू?” समोरचीनं “आज लाव” म्हणायचं. कधी एखादी “आज नको” म्हणते. तिला कुणी कारण विचारत नाही, आग्रह करत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाटी घेऊन तिच्या दारात जातं आणि पुन्हा विचारतं. नको म्हणाली तर तिसऱ्या दिवशी जातं. मध्ये कुणाकडे लग्न असो, पाऊस असो, जावंच लागतं.

गेल्या साली एका बाईचा तरणा मुलगा गेला. ती एकेचाळीस दिवस आज नको म्हणाली. बेचाळिसाव्या दिवशी वाटी दारात यायच्या आधीच ती केस सोडून ओसरीवर पाठ करून बसली होती.