राणी बाहुलीचं लग्न

एका राज्यात सोन्याने शिगोशीग भरलेला खजिना होता, आणि तो कुणाच्याही कामाचा नव्हता. असं कसं म्हणाल, तर ऐका. राजा भद्रसेनाच्या पणजोबांनी एका गाणाऱ्या मांत्रिकाला बिदागीसाठी दारात तिष्ठत ठेवलं. सकाळची दुपार झाली, दुपारची सांज झाली. शेवटी बिचाऱ्याने ओंजळ पसरली, तेव्हा अख्खा दरबार खो खो हसला. मांत्रिक म्हणाला, "या खजिन्यातली भीक राख होईल," आणि चालता झाला.

झालं! तेव्हापासून चितारी आले, मूर्तिकार आले, नाचणारे आले. पदरात मोहरा घेऊन निघाले की वाड्याच्या दाराबाहेर पदरात राख. भद्रसेन मनाचा वाईट नव्हता हो. दया येऊन त्याने आपण होऊनही थैल्या पाठवून पाहिल्या, तरी त्यांचीही राखच झाली. कलावंत एकेक करून राज्य सोडून गेले. देवळांचे कळस अर्धे राहिले, आणि पोरं गाण्यावाचून झोपायला शिकली.

मागे उरली एकटी सोनकी, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारी. तिला जाता येईना, कारण तिची आई बाहुल्यांत होती. त्या राज्याची रीतच तशी. जिने जन्मभर ज्या बाहुलीच्या दोऱ्या हलवल्या, तिचा आवाज मेल्यावर त्या बाहुलीत राहायला जाई. सोनकीची आई राणी बाहुलीत राहत होती. पण वर्षातून एकदा तरी बाहुलीचा खेळ झाला पाहिजे, नाहीतर आवाज जातो आणि नुसतं लाकूड उरतं. आता वर्ष सरत आलं होतं. मांडव नाही, वस्त्रं नाहीत, वाजंत्र्यांना द्यायला कवडी नाही. आईचा आवाज इतका बारीक झाला होता की सोनकीला बाहुलीच्या ओठांशी कान न्यावा लागे.

एके सकाळी कुंपणावर भारद्वाज येऊन बसला. लाल डोळ्यांनी तिच्याकडे बघून तो बोलू लागला.

"पोरी, भीक राख होते. मान राख होत नाही. मांडव, शालू आणि सोनं, तिन्ही मानाने दारात येऊ देत. तुझ्या तोंडून 'द्या' निघालं, की गेलं सगळं."

एवढं सांगून पक्षी उडाला. ना आगा ना पिछा! सोनकी दिवसभर डोकं धरून बसली. मागायचं नाही आणि मिळवायचं, हे जमायचं कसं? संध्याकाळी गल्लीतल्या पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न लावत होत्या. कुणी चुरमुरे आणले होते, कुणी चिंधी, कुणी पितळी वाटी. कुणी कुणाकडे काही मागत नव्हतं. लग्नघरी रिकाम्या हाताने जाईल कोण? सोनकी ताडकन उठली आणि अक्षता रंगवायला बसली.

पहिली अक्षत तिने रानात नेली. उंबराच्या बुंध्याशी ठेवून म्हणाली, आमच्याकडे लग्न आहे, घरचं कार्य समजून यावं. दुसऱ्या दिवशी उंबर आला, आंबा आला, जांभूळ आली. मुळं आवरून चौकात गोल उभी राहिली आणि फांद्यांत फांद्या गुंफल्या. मांडव पडला.

दुसरी अक्षत कळंबा चेटकिणीकडे. ही कोळ्याच्या जाळ्याचे शालू विणी, पण कुणाला सुतळीचा तोडासुद्धा देत नसे. लोक म्हणत चिक्कू आहे. सोनकीने तिला सांगितलं की नवरीला मामा नाही, तर मामाचा मान तुमचा. म्हातारीने हातातला धागा खाली ठेवला. मग म्हणाली, "मला कुणी लग्नाला बोलावलंच नव्हतं गं." आणि मामाकडची पिवळीधमक साडी विणायला बसली.

तिसरी अक्षत राजवाड्याची. सोनकी आत शिरताच भद्रसेनाने मान खाली घातली. आता हीही मागणार, आणि हिच्याही पदरी राख पडणार.

सोनकी ताठ उभी राहिली. "महाराज, मी मागायला आले नाही. मुलगी सांगायला आले आहे."

राजाची एकुलती लेक लहानपणीच देवाघरी गेली होती. तिचा लाकडी बाहुला राजा उशाशी ठेवी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. सोनकीने त्याच नवरदेवासाठी स्थळ आणलं होतं. राजा आत गेला, बाहुला छातीशी धरून बाहेर आला, आणि म्हणाला, "आम्ही वरपक्ष. मंगळसूत्र आमचं."

गोरज मुहूर्तावर वऱ्हाड आलं. लग्नाची वार्ता ऐकून वाजंत्री परक्या मुलखातून आपणहून परतले होते. राजाने खजिन्यातलं सोनं मांडवात आणलं. सगळ्यांचे डोळे सोन्यावर खिळले. सोन्याचं सोनंच राहिलं. पिवळ्या साडीतली राणी सोनकीच्या दोऱ्यांवर लाजली, मुरडली, माळ घालायला पुढे झाली, आणि तिचा आवाज खणखणीत घुमला. लोक हसले, रडले, लाडू जेवले.

पण सोनकी एक विसरली होती. लग्न झालं की पाठवणी असते. नवरी सासरी जाते.

पालखी दाराशी आली तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. आई वाचवायला निघाली होती, आणि स्वतःच्या हाताने आई दुसऱ्याला देऊन बसली होती. नको म्हणावं, तर दिलेला शब्द मोडतो. तिने दोऱ्या सोडल्या नाहीत, पण डोळ्यांचं पाणीही आवरेना.

भद्रसेन व्याह्याच्या अदबीने पुढे आला. "विहीणबाई, दर चैत्रात गौर माहेरी येते. आमची सूनही येईल, तिचा खेळही होईल. वाजंत्री, वस्त्रं, तेलवात, सगळा लवाजमा आमच्याकडून. आमची सून रिकाम्या हाताने माहेरी जाणार नाही. आणि तुम्ही रोज आमच्याकडे हक्काने यायचं."

तेव्हा बाहुलीने मान वळवली. दोऱ्या सोनकीच्याच हातात होत्या, पण तिने काही हलवलं नव्हतं.

"रडू नकोस, बाळ," आई म्हणाली. "आता तूच माझं माहेर."

पालखी उचलली गेली. त्या राज्यात कळस पुरे झाले, चितारी परतले, आणि कलावंताकडे जाताना राजासुद्धा हातात अक्षत घेऊन जाऊ लागला. चैत्र लागला की सोनकी अंगण सारवते आणि वाटेकडे डोळे लावून बसते. लेक माहेरी यायची असते ना!